पात्याची पारख : नक्षी-करवतीचा इतिहास आणि आपला धंदा

खंडेनवमीस आपल्या प्रत्येक घरी हत्यारांची पूजा होते. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट, कानस आणि करवत ही सारी पुसून पुढे मांडली जातात आणि त्यांस हळदकुंकू लागते. परंतु या हत्यारांचा इतिहास कोणता, ती आपल्या हाती कोठून व कशी आली, त्यांत कोणी व का फेरफार केले, याची विचारपूस आपल्या समाजात क्वचितच होते. वंशावळी जपून ठेवणारी घराणी पुष्कळ आहेत, पण हत्याराची वंशावळ जपणारे घर दुर्मीळ आहे. वास्तविक कारागिराच्या कुळाचा खरा इतिहास त्याच्या हत्यारांच्या पेटीतच असतो. यास्तव प्रस्तुत लेखात करवतींच्या कुटुंबातील सर्वांत बारीक जी नक्षी-करवत, तिच्या पात्याचा वृत्तांत ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

या करवतीस बाजारात फ्रेट सॉ किंवा यांत्रिक रूपात स्क्रोल सॉ म्हणतात. लाकडाच्या फळीच्या मध्यभागी बारीक भोक पाडावे, त्यातून दोऱ्यासारखे पाते ओवावे आणि आखलेल्या रेषेवरून वेल, पान, मोर अथवा जाळी कापून काढावी, हे तिचे काम होय. या हत्याराविषयी बोलताना लोक बहुधा यंत्राचीच चर्चा करतात : कोणत्या कंपनीचे, किती शक्तीचे, किती किमतीचे. इतिहास मात्र निराळेच सांगतो. कमान बदलली, पायटा आला, पायटा जाऊन मोटार आली, परंतु चारशे वर्षांत या कामाचे मर्म एकाच ठिकाणी राहिले, आणि ते म्हणजे पात्याचे दात. कोणत्या लाकडास कोणते पाते घ्यावे व ते हाती कसे राखावे हे ज्यास कळले, त्याच्या हाती हा धंदा राहिला. ज्यास ते कळले नाही, त्याच्या घरी उत्तम यंत्र असूनही ते धूळ खात पडले.

वळसंग हे आपले गाव सोलापूरहून अक्कलकोटास जाणाऱ्या वाटेवर आहे. मराठी व कानडी या दोन्ही भाषा येथे घराघरांत ऐकू येतात. उत्तरेस सोलापूरचे माग, पूर्वेस अक्कलकोटची यात्रा आणि दक्षिणेस कर्नाटकातील शिल्पपरंपरा, अशा तिठ्यावर आपली वस्ती आहे. अशा गावातील सुताराचे पूर्वापार काम नक्षीचे नव्हे. शाळूच्या या काळ्या रानात त्याला प्रथम नांगर, कुळव, तिफण आणि बैलगाडी घडवावी लागे. बारा बलुतेदारांत सुतार आणि लोहार यांचे स्थान मोठे होते, ते या शेतीच्या अवजारांमुळेच. बाभळीच्या चिवट लाकडाशी झुंजणारी त्याची करवत मोठ्या दातांची व रुंद पानाची असे. तिला वळण घेणे ठाऊक नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती.

मग आपल्याकडील जुन्या वाड्यांत व देव्हाऱ्यांत जी लाकडी जाळी दिसते, ती कशाने कोरली ? तिचे उत्तर पटाशी हेच आहे. पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळी, १८०७ च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या दर्शनी भागातील खांब, महिरपी व सज्जा यांवरील काम पाहिले म्हणजे पटाशीवर हुकमत असलेला हात कसा असतो ते ध्यानात येते. पटाशीने जाळी करताना कारागीर आधी गिरमिटाने भोके पाडतो, मग नको असलेले लाकूड थोडे थोडे खोदून काढतो. हे काम जाड लाकडात शोभते, त्याला खोली असते, आणि पानाफुलांस उठाव देता येतो. परंतु चार-पाच सुतांच्या पातळ फळीवर पटाशीचा घाव बसला की लाकूड रेषेबाहेर चिरते. पातळ फळीवर दाट, नाजूक जाळी हवी असेल तर घाव न घालता कापणारे हत्यार हवे. ही उणीव ज्या हत्याराने भरून काढली, ते लाकूडकामातून जन्मले नाही. ते धातुकामाच्या शेजारी वाढले.

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आपल्या परंपरेत मनु, मय, त्वष्टा, शिल्पी आणि विश्वज्ञ अशा पाच शाखा मानल्या असून लोखंड, लाकूड, तांबे-कासे, पाषाण आणि सोने ही त्यांची द्रव्ये होत. या पाच शाखा वेगळ्या झाल्या तरी हत्यारे एकमेकांच्या घरून येत-जात राहिली. सोनाराच्या दुकानी छोट्या कमानीस ताणून बसविलेले जे केसासारखे बारीक पाते असते, ज्याने तो सोन्याच्या पत्र्यात नक्षी कापतो, तेच पाते जरा रुंद व मोठ्या दातांचे झाले की सुताराची नक्षी-करवत होते. दोहोंची लांबी आजही जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे ५ इंच असते, आणि दोहोंची प्रतवारी एकाच अंकपद्धतीने होते. घडविणारा लोहार, वापरणारा सोनार आणि त्याच्याकडून शिकणारा सुतार, असा या पात्याचा संसार आहे.

युरोपात हे बारीक पाते सोळाव्या शतकात रूढ झाले. उत्तम पोलादाची पातळ पट्टी घेऊन तिला कानशीने एकेक दात पाडणे हे त्या काळी फार कौशल्याचे काम होते. पाते हाती येताच रंगीत लाकडाचे पातळ पापुद्रे कापून, एकमेकांत बसवून चित्र साधण्याची कला तेथे भरभराटीस आली. फ्रान्समध्ये आंद्रे-शार्ल बूल (१६४२-१७३२) या राजकारागिराने तिला कळसास नेले. पितळेचा पत्रा व कासवाच्या पाठीचा पापुद्रा एकावर एक ठेवून तो दोन्ही एकदमच कापीत असे. त्यामुळे पितळेची वेल कासवाच्या खाचेत चपखल बसे आणि उरलेल्या भागांतून उलट रंगांचे दुसरे चित्र आपोआप तयार होई. एका कापात दोन चित्रे निघत आणि काही वाया जात नसे. हे साधण्यास पाते इतके पातळ हवे की कापाची वाट जवळजवळ दिसूच नये. पुढे १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी याने नकाशे महोगनीच्या फळीवर डकवून देशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांस भूगोल शिकविण्यासाठी विकले. आज घरोघरी मुले जुळवितात ती तुकड्यांची चित्रकोडी तेथून सुरू झाली.

आपल्या प्रांतातही बारीक करवतीची एक निराळी परंपरा होती, तिचा विसर पडू नये. मुंबई व सुरत येथे सदेली नावाचे जडावकाम होत असे. हस्तिदंत, शिंग, चंदन, रंगविलेले लाकूड आणि कथील यांच्या त्रिकोणी वा चौकोनी बारीक काड्या सरसाने एकत्र बांधून मोळी करीत, आणि ती मोळी आडवी कापून पातळ चकत्या काढीत. प्रत्येक चकतीवर तीच ताऱ्यासारखी नक्षी उमटे, व त्या चकत्या चंदनाच्या पेटीवर चिकटवीत. या पेट्या मुंबई पेट्या या नावाने परदेशी प्रसिद्ध झाल्या, आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या. सर जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या हिंदी कलाकौशल्यावरील ग्रंथात या कामाची दखल घेतली आहे. लाकूड, हाड आणि धातू ही तीन भिन्न द्रव्ये एकाच पात्याने, एकाच कापात, कड न तुटता कापावयाची, ही गोष्ट सोपी नव्हे. मऊ चंदनास मोठा दात चालतो, तो कथिलास ओरबाडतो, आणि हस्तिदंतास तर तो चिरूनच टाकतो. म्हणजे पात्याची निवड हा प्रश्न त्या कारागिरांपुढे रोजचाच होता.

दक्षिणेकडे पाहिले तर म्हैसूरचे शिसवीवरील जडावकाम आपणास अधिक जवळचे आहे. म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्याचे काम १९१२ साली पुरे झाले, आणि तेथील शिसवी दरवाजावर हस्तिदंताचे जडावकाम आहे. हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद झाल्यावर तेथील कारागीर निरनिराळ्या रंगांच्या लाकडांकडे व कृत्रिम द्रव्यांकडे वळले. म्हैसूरच्या या कामास आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे. त्यांचे मुख्य हत्यार नक्षी-करवत हेच होय. द्रव्य बदलले, आश्रय देणारे राजघराणे गेले, तरी धंदा टिकला, कारण पाते ओळखणारा हात टिकला. आपल्या सीमेवरील समाजाने हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हत्यारास पाय फुटले. अमेरिकेतील रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंनी १८७० च्या दशकापासून पायाने चालविण्याची करवतयंत्रे विकावयास काढली. इंग्लंडात डेरहॅम येथील हॉबीज या कंपनीने १८९५ पासून साप्ताहिकच सुरू केले व त्यासोबत नक्षीचे नकाशे घरोघरी पोचविले. कारखान्यात पोलादी पट्टीवर यंत्राने दात पाडता येऊ लागल्याने पाती डझनावारी स्वस्तात मिळू लागली. पूर्वी कारागीर पात्यास जपत असे, आता ते झिजले की टाकून देऊ लागला. त्याच काळात आपल्या देशातही छपराच्या कडेस लाकडी झालर लावण्याची आवड पसरली. मुंबईतील गिरगावच्या खोताच्या वाडीतील सज्जे, माथेरान-पाचगणीचे बंगले आणि रेल्वेच्या कितीएक जुन्या स्थानकांच्या झालरी ही त्या आवडीची साक्ष होत. आगगाडी १८६० साली सोलापुरास पोचली, १८७७ साली तेथे पहिली कापडगिरणी चालू झाली, आणि या बाजूच्या सुतारास गावाबाहेरच्या कामाची व मालाची वाट खुली झाली.

पुढे हे हत्यार शाळेत शिरले. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगाची जी योजना आखली, तीत सूतकताई व शेतीबरोबर लाकूडकामासही स्थान मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सुतारकाम हा रीतसर अभ्यासक्रम झाला. ज्या विद्येचा वारसा बापाकडून मुलाकडे जात असे, ती आता कोणाही होतकरू तरुणास खुली झाली. ही गोष्ट इष्टच झाली. मात्र बापाच्या शेजारी बसून दहा वर्षांत कानास व बोटांस जे कळत असे, ते एका वर्षाच्या अभ्यासक्रमात कितपत कळावे, हा प्रश्न तेव्हापासूनच उभा आहे.

मोटारीवर चालणारी यंत्रे आली तेव्हा प्रथम पाती फार तुटत. जुन्या यंत्रांत खालून दांडा पाते खेचीत असे आणि वरून स्प्रिंग ते परत ओढून घेई. त्यामुळे प्रत्येक खेपेस पात्याचा ताण कमीजास्त होई. १९७० च्या दशकात जर्मनीतील हेग्नर यंत्राने दोन समांतर भुजांची रचना पुन्हा प्रचारात आणली. दोन्ही भुजा एकदम वरखाली होत असल्याने पाते आरंभापासून अखेरपर्यंत सारख्याच ताणात राहते. आजची बहुतेक चांगली यंत्रे याच अथवा अशाच तत्त्वावर चालतात. यंत्रशास्त्राने येवढे सारे कशासाठी केले, तर पाते ताणलेले राहावे यासाठी. म्हणजे यंत्राची सारी प्रगती ही पात्याची सेवाच ठरली.

आता पात्यांच्या प्रकारांकडे वळू. सर्वांत जुना प्रकार सलग दातांचा. त्याला एकापाठोपाठ एक सारखे दात असतात. धातूस व अतिपातळ लाकडास हा बरा, पण जाड लाकडात दोन दातांमधील लहानशी फट भुशाने भरते, पाते तापते आणि लाकूड काळवंडते. यावर उपाय म्हणून एकाआड एक दात गाळलेले पाते निघाले. गाळलेल्या दाताच्या जागेतून भुसा बाहेर पडतो, पाते थंड राहते आणि काप झपाझप होतो. लाकूडकामास हेच पाते सर्वसाधारणपणे चालते. तिसऱ्या प्रकारात दोन दात, मग मोकळी जागा, पुन्हा दोन दात, अशी रचना असते. हे पाते जरा संथ कापते, परंतु कड गुळगुळीत सोडते, म्हणून घासण्याचे श्रम वाचतात.

चौथा प्रकार उलट दातांचा. पात्याचे दात खाली तोंड करून बसवितात, म्हणजे खाली जाताना ते कापते व लाकूड मेजावर दाबून धरते. पण खाली जाणारा दात फळीच्या पाठीचे तंतू उचकटतो. यासाठी पात्याच्या तळाशी काही दात वर तोंड केलेले असतात, ते वर येताना ती कड साफ करतात. असे पाते बसविताना भुजा सर्वांत वर असता दोन-तीन उलट दात मेजाच्या वर दिसावेत. त्यांची संख्या जास्त झाली तर पाते लाकूड उचलू लागते, आणि एकही न दिसल्यास उलट दातांचा उपयोगच होत नाही. प्लायवुडचा वरचा पापुद्रा पातळ असल्याने तेथे या पात्याचे मोल विशेष आहे. पाचव्या प्रकारातील पाते जाताना व येताना दोन्ही वेळा कापते आणि कोणतेही टोक वर करून बसविता येते. सहावा प्रकार पिळाचा. पाते पिळलेले असल्याने त्याला चोहोकडे दात येतात, आणि लाकूड न फिरविता कोणत्याही दिशेस कापता येते. यंत्राच्या भुजेत फिरू न शकणाऱ्या मोठ्या फळीस ते उपयोगी पडते. मात्र कापाची वाट रुंद पडते, कड खडबडीत राहते, आणि रेषेवर चालणे नवख्यास अवघड जाते. चोहोकडे कापणारे पाते पाहून नवशिका त्यालाच सर्वश्रेष्ठ समजतो, आणि पहिल्याच जाळीत निराश होतो.

टोकांवरूनही दोन भेद आहेत. काही पात्यांच्या टोकास आडवी खुंटी असते, ती यंत्रात चटकन अडकते, पण ती ओवावयास दीड-दोन सुतांचे भोक पाडावे लागते. साध्या टोकाचे पाते सुईच्या भोकातूनही जाते. बारीक जाळी करणाऱ्याने यंत्र घेतानाच साधे टोक धरण्याची सोय त्यात आहे की नाही हे पाहावे.

पात्यांस अंक असतात, आणि येथे सोलापूरकडील माणसाची हमखास फसगत होते. आपल्या जिल्ह्यात सूत हा शब्द मागावाल्याचा आणि सुताराचाही. मागावाल्याचे सूत म्हणजे धागा, सुताराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मागावर धाग्याचा नंबर जितका मोठा तितका धागा बारीक असतो. पात्याचे गणित याच्या नेमके उलट आहे. नंबर जितका मोठा तितके पाते रुंद, जाड व मोठ्या दातांचे. शून्याच्या खाली दोन शून्य, तीन शून्य असे जावे तसे पाते केसासारखे होत जाते. साधारणतः ५ नंबरचे पाते सुमारे १ मिलिमीटर रुंद असून त्याला इंचास १२ च्या आसपास दात असतात. २ नंबरला २० च्या आसपास, आणि १२ नंबरला १० हूनही कमी. निरनिराळ्या कारखान्यांचे अंक तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून अंकाबरोबर दातही मोजावेत.

निवडीचा जुना नियम साधा आहे : लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत. त्याहून कमी असतील तर दात फळीच्या कडेस अडकून तिला हिसका देतात. दोन सुतांपर्यंतच्या फळीस २ नंबर किंवा त्याहून बारीक, सहा सुतांच्या सागवानास ५ च्या आसपास, आणि इंचाहून जाड वा शिसवीसारख्या घट्ट लाकडास ७, ९ किंवा १२ नंबर, असा साधारण अंदाज धरावा. नक्षीची वळणे दाट असतील तर एक पायरी खाली उतरावे, कारण रुंद पात्यास लहान वळणात फिरावयास जागा नसते.

निवड झाली तरी अर्धेच काम होते. दुसरे अर्धे पाते राखण्याचे. पातळ पट्टी ओढीस बळकट असते, दाबास नाही. एवढ्यासाठीच हातकमानीच्या पात्याचे दात मुठीकडे वळलेले ठेवतात, म्हणजे ओढताना काप होतो व पाते ताठ राहते. यंत्रातही ताण हेच पहिले पथ्य. ताणलेले पाते बोटाने छेडावे. एकतारीसारखा उंच व स्वच्छ नाद आला तर ताण ठीक, आणि बद्द आवाज आला तर सैल. सैल पाते मध्यभागी फुगते, त्यामुळे वरून रेषेवर दिसणारा काप खालून बाहेर गेलेला असतो. जाळीचे दोन भाग एकमेकांत बसत नाहीत, याचे कारण बहुधा हेच निघते.

दुसरे पथ्य दिशेचे. बहुतेक पाती यंत्रात दात पाडून तयार होतात, तेव्हा एका बाजूस धातूची सूक्ष्म कोर उरते. ती बाजू जास्त कापते, म्हणून पाते सरळ सारलेल्या लाकडातही एकीकडे सरकत जाते. नवख्यास वाटते की आपला हात चुकला, आणि तो लाकूड जोराने दाबून पाते परत रेषेवर आणू पाहतो. हा उपाय नव्हे. टाकाऊ फळीवर एक सरळ रेघ ओढावी, लाकूड किंचित तिरके धरून सारावे, आणि कोणत्या कोनात काप रेघेवर राहतो ते पाहावे. तो कोन त्या पात्याचा स्वभाव होय, तो ओळखून चालले की झगडा उरत नाही. सहाणेवर घासून धार आणलेल्या पात्यांत हा दोष फार कमी असतो, म्हणून ती महाग असूनही अनेक कारागीर तीच घेतात.

तिसरे पथ्य धीराचे. लाकूड पात्यावर ढकलू नये, पाते जेवढे खाईल तेवढेच द्यावे. दात बोथट झाले की माणूस नकळत जोर वाढवितो, मग पाते वाकते, तापते आणि तुटते. घट्ट लाकडात एक पाते अर्ध्या तासातही बोथट होऊ शकते. प्लायवुड व एमडीएफ यांतील सरस तर दातांस फारच लवकर खातो. अशा वेळी नवे पाते लावणे ही उधळपट्टी नव्हे. शिसवीसारखे लाकूड काळवंडत असेल तर फळीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि गती उतरवावी. पितळ अथवा तांब्याच्या पत्र्यास बारीक सलग दात, मंद गती आणि पात्यास थोडे मेण लागते. ॲक्रिलिकला गती जास्त झाली तर ते वितळून कापाची वाट मागल्या मागे बुजते. टोकदार कोपऱ्यात पोचल्यावर दात लाकडाला न लावता पात्याच्या पाठीवर टेकवून फळी फिरवावी, कारण पाठ कापीत नाही. पाठीच्या कडा चालत्या पात्यावर सहाणेचा तुकडा हलकेच धरून गोल केल्या तर वळण आणखी सुलभ होते.

वाचकांस वाटेल की संगणकावर चालणारी कोरीवकामाची यंत्रे आणि लेसर आल्यावर या विवेचनाचा उपयोग काय ? प्रश्न रास्त आहे. देवघराची जाळी आणि मखराची महिरप आता एमडीएफच्या पत्र्यांतून एका दिवसात शेकड्यांनी निघते, आणि ज्या नक्षीवर सुताराचे आठ दिवस जात, ती बाजारात किरकोळ दरात मिळते. अक्कलकोटच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांस देव्हारा व मखर यांचे गिऱ्हाईक डोळ्यांसमोरून जाताना दिसते. एकसारख्या शंभर नगांत माणसाने यंत्राशी स्पर्धा करू नये, ती हरणारीच लढाई आहे. परंतु मोडक्या जुन्या जाळीचा हरवलेला एक तुकडा, वाकलेल्या जुन्या सागवानात बसवावयाची नवी वेल, लाकडाचे तंतू पाहून फिरविलेली नक्षी आणि गिऱ्हाइकाच्या घराण्याची एकुलती एक खूण, ही कामे अजून हाताचीच आहेत. जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणारा कारागीर शोधूनही सापडत नाही, ही तक्रार पुण्यापासून आपल्या खेड्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. ज्याला तीन दातांचा नियम ठाऊक आहे आणि पात्याचा नाद ओळखता येतो, त्याला हे काम मिळेल.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, सोनार व शिल्पकार यांसह १८ धंद्यांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य यांची तरतूद केली गेली. अशा साहाय्याचा लाभ आपल्या तरुणांनी जरूर घ्यावा. तथापि त्यांस एक सूचना करावीशी वाटते. सारे पैसे यंत्रात घालू नयेत. त्यातील थोडा भाग निरनिराळ्या नंबरांच्या चांगल्या पात्यांवर खर्च करावा, कारण हलक्या पात्यामुळे यंत्रावरचा विश्वास उडतो आणि विश्वास उडाला की धंद्याची गोडी जाते.

आपल्या ज्ञातिसंस्थेनेही या कामी थोडे करावयास हवे. प्रत्येक कारखान्यात एक फळी टांगावी. तीवर साग, शिसव, बाभूळ, आंबा, प्लायवुड व पितळ यांच्या लहान चकत्या लावाव्यात, प्रत्येकीत त्या द्रव्यास मानवलेल्या पात्याने केलेला एक काप असावा, आणि खाली पात्याचा नंबर, दातांची संख्या व प्रकार लिहावा. अशी फळी नव्या मुलास महिन्याभरात जे शिकवील, ते पुस्तकाने वर्षभरातही साधणार नाही. वृद्ध कारागीर हयात आहेत तोवर त्यांच्याकडून या चकत्या कापून घ्याव्यात, कारण त्यांच्या बोटांतील ज्ञान कोठेही लिहिलेले नाही. तसेच आपल्यातील सोनार व सुतार यांनी वर्षातून एकदा तरी एकमेकांच्या दुकानी बसावे. ज्या पात्याचे मूळ एक, त्याच्याविषयीचे अनुभव दोन घरांत वेगवेगळे कुलूपबंद राहावेत, यात दोघांचेही नुकसान आहे. येत्या खंडेनवमीस पूजेच्या पाटावर अशी एक फळी मांडली गेली, तर हत्यारांची पूजा खऱ्या अर्थाने पुरी होईल.